नळीवरचा नंबर

सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात रक्त काढलं की त्या छोट्या नळीवर नाव लिहीत नाहीत, नंबर लिहितात. हा नंबर आधी समुपदेशकाच्या खोलीत ठरलेला असतो. तिथे दार लावून बोलणं होतं, नाव-पत्ता समुपदेशकाच्या रजिस्टरमध्ये उतरतो, संमती घेतली जाते आणि हातात चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन माणूस लॅब टेक्निशियनकडे जातो. लॅबच्या रजिस्टरमध्ये तारीख असते, नंबर असतो आणि चाचणीचा निकाल असतो. नावाचा रकाना तिथे नसतो. रक्त तपासणाऱ्याला हे रक्त कोणाचं हे कळायची गरज नाही आणि समुपदेशकाला सुईला हात लावायची गरज नाही. नाव आणि निकाल यांना जोडणारा धागा एकाच टेबलाच्या कुलूपबंद खणात राहतो.

निकाल देण्याची रीतही ठरलेली आहे. ज्याचं रक्त, त्यालाच समोर बसवून निकाल सांगायचा. फोनवर सांगायचा नाही. ‘मी त्यांचा मिस्टर आहे’ म्हणणाऱ्याला सांगायचा नाही, ‘घरचेच आहोत’ म्हणणाऱ्या थोरल्या भावाला नाही आणि दाराशी आलेल्या गावच्या पुढाऱ्यालाही नाही. निकाल पॉझिटिव्ह म्हणण्यासाठी वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. तोवर त्या नळीला नंबरापलीकडे कसलीही ओळख नसते.

साखरेचा रिपोर्ट आपण घरात फ्रिजवर ठेवून देतो, पाहुण्यालाही दाखवतो. मग याच एका तपासणीभोवती एवढी कुंपणं का? चाचणीला जाण्याआधी माणूस मनात दोन हिशेब करतो. एक, मला काय कळेल? दुसरा, आणखी कोणाला कळेल? मधुमेहाच्या बाबतीत दुसरा हिशेब कोणी करतच नाही. एचआयव्हीच्या बाबतीत बहुतेक जण आधी दुसराच करतात, आणि त्याचं उत्तर वाईट आलं तर पहिल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. केंद्राच्या पायरीवरून परत फिरलेल्या माणसाची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही. गोपनीयतेचा मुद्दा मला केवळ सभ्यतेचा वाटत नाही तो यासाठी. साथ आटोक्यात आणण्याची सुरुवातच तिथून होते.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. भारतात एचआयव्हीचा पहिला छडा 1986 मध्ये चेन्नईत लागला. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात जे घडलं, ते आपल्याकडच्या प्रत्येक चाचणी केंद्राने लक्षात ठेवावं असं आहे. डॉमिनिक डिसोझा हा म्हापशाजवळचा तरुण नियमित रक्तदान करत असे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्याचा संसर्ग उघड झाला. पण ही गोष्ट कोणा डॉक्टरने त्याला बसवून सांगितली नाही. फेब्रुवारी 1989 मध्ये त्याला पोलीस ठाण्यावर बोलावलं गेलं, तिथून रुग्णालयात नेलं गेलं आणि मग एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवलं गेलं. आपल्याला काय झालंय हे स्वतःला धड उमगायच्या आत ते पोलिसांना, रुग्णालयातल्या लोकांना आणि हळूहळू सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. हे सारं कायद्याला धरूनच चाललं होतं, कारण गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळं डांबून ठेवण्याची तरतूद केलेली होती.

64 दिवसांनी, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर, तो बाहेर आला. त्याची आई लुसी डिसोझा या अर्जदार होत्या आणि आनंद ग्रोव्हर वकील. न्यायालयाने ती तरतूद मात्र रद्द केली नाही. डॉमिनिकने 1992 मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे 2005 मध्ये ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट आला, त्यामागे त्याच्याच आयुष्याची प्रेरणा होती.

गोव्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या तरुणाने 1989 च्या त्या बातम्या वाचून काय ठरवलं असेल? रक्त द्यायचं नाही, तपासायचं तर मुळीच नाही. तेव्हा औषधोपचार जवळपास नव्हते. चाचणी करून हाती काही लागणार नव्हतं आणि नोकरी, घर, सोयरीक, सगळं जाऊ शकत होतं. अशा वेळी न जाण्याचा निर्णय भ्याडपणाचा म्हणता येत नाही. सरळ हिशेब करूनच माणूस तिथे पोहोचतो.

याच सुमारास अमेरिकेतही हाच प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. मार्च 1985 मध्ये तिथे रक्ततपासणीच्या पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली. ती रक्तपेढ्यांसाठी होती. पण धास्तावलेले लोक फुकट तपासणी होईल म्हणून रक्तदान करू लागले तर? संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणी तो पकडू शकत नाही आणि तेच रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं. म्हणून रक्तपेढ्यांबाहेर स्वतंत्र चाचणी केंद्रं निघाली आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी नाव न विचारता, निव्वळ नंबरावर तपासणी होऊ लागली.

नाव न विचारल्याने खरंच फरक पडतो का, हे ओरेगॉन राज्यात पाहायला मिळालं. तिथल्या केंद्रांमध्ये आधी नाव घेऊन, पण गुप्त ठेवून चाचणी होत असे. 1986 च्या अखेरीस निनावी चाचणीचा पर्यायही दिला गेला. चाचणीची मागणी एकंदर निम्म्याने वाढली आणि समलिंगी पुरुषांमध्ये ती दुपटीहून अधिक झाली. हे निष्कर्ष 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. केंद्रातली माणसं तीच आणि सुईही तीच होती. ‘आम्ही कोणाला सांगणार नाही’ असं आश्वासन आधीही दिलं जातच होतं. आता मात्र सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरतच नव्हतं. ज्याने समाजाकडून आयुष्यभर टोमणे आणि पोलिसांकडून दंडुके खाल्लेत, त्याला न सांगण्याचं आश्वासन आणि सांगायला काहीच नसणं यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

मग भारताने पूर्ण निनावी चाचणी का स्वीकारली नाही? आपल्याकडे 1997 पासून स्वेच्छा समुपदेशन व चाचणी केंद्रं सुरू झाली. गरोदर स्त्रियांसाठीची केंद्रं आणि ही केंद्रं 2006 मध्ये एकत्र येऊन आजचं एकात्मिक केंद्र, म्हणजे आयसीटीसी, तयार झालं. सुरुवातीच्या काळात नाव खरं की खोटं याची कोणी फारशी चौकशी करत नसे, आणि ते योग्यच होतं. 1 एप्रिल 2004 पासून एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधं, सरकारकडून मोफत मिळू लागली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. 2017 मध्ये ठरलं की निदान झालेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्ती किती घसरली आहे याची वाट न पाहता, लगेच औषध सुरू करायचं. त्यामुळे चाचणी हे औषधाचं दार झालं. खोटं नाव आणि खोटा पत्ता देऊन गेलेला माणूस निकाल न्यायलाच आला नाही, तर त्याला शोधायचं कुठे? त्याच्यासाठी ठेवलेल्या गोळ्या कोणाच्या हाती द्यायच्या? गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे आता पक्कं माहीत असल्यामुळे माणूस उपचाराशी जोडलेला राहण्याचं मोल आणखी वाढलं आहे.

म्हणून आपल्याकडची व्यवस्था मधल्या वाटेची आहे. केंद्राला नाव माहीत असतं, पण ते एका ठरलेल्या जागेपलीकडे जाऊ द्यायचं नसतं. सिंगापूरने दुसरी वाट धरली. तिथे 1991 पासून ‘अ‍ॅक्शन फॉर एड्स’ ही संस्था निनावी चाचणी केंद्र चालवते, नाव न देता तपासणी करून घेता येते. माझ्या मते आपल्या मोठ्या शहरांतही असा पर्याय हवा, निदान ज्यांना कायद्याची आणि पोलिसांची जुनी धास्ती आहे त्यांच्यासाठी. पहिला निकाल नंबरावर मिळू द्यावा. नाव सांगायचा क्षण औषध सुरू करण्याच्या वेळी येऊ द्यावा, तोवर समुपदेशकाशी ओळख झालेली असते.

पूर्ण निनावीपणाला किती किंमत मोजावी लागते, हे आपल्याच देशात वर्षानुवर्षं चाललेल्या एका पाहणीतून दिसतं. साथ किती पसरली हे मोजण्यासाठी 1998 पासून देशभर नियमित सर्वेक्षण सुरू झालं. त्यात ठरावीक दवाखान्यांमध्ये गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या स्त्रियांचं जे रक्त सिफिलिसच्या चाचणीसाठी घेतलेलंच असे, त्यातला उरलेला अंश बाजूला काढत. त्यावरची ओळख पुसून टाकत, वय आणि राहण्याचं ठिकाण गावात की शहरात, असा थोडा तपशील ठेवून नवा नंबर देत आणि मग एचआयव्हीची तपासणी करत. निकाल आल्यावर तो कोणाचा हे जगात कोणालाही सांगता येत नसे. तपासणाऱ्यालाही नाही आणि कोर्टाने विचारलं तरीही नाही.

आकडे मिळवायला ही पद्धत उत्तम होती. नकार देणाऱ्यांमुळे हिशेब बिघडत नसे आणि कोणाचं नाव फुटायची शक्यताच नसे. पण त्या नमुन्यांपैकी एक पॉझिटिव्ह निघाला, तर ती बाई लोहाच्या गोळ्या घेऊन घरी गेलेली असे. ती कोण हे प्रयोगशाळेला ठाऊक नसे आणि आपल्या रक्तात काय सापडलं हे तिला. उपचारच नव्हते तोवर याचं समर्थन करता येत होतं. अमेरिकेत नवजात बाळांच्या रक्ताची अशीच निनावी पाहणी 1988 पासून चालू होती. 1994 मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की झिडोव्हुडिन हे औषध दिल्यास आईकडून बाळाला होणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. बाळ वाचवता येत असताना त्याची ओळख मुद्दाम पुसायची का, असा सवाल उठला आणि 1995 मध्ये ती पाहणी थांबवावी लागली.

भारतात याचं उत्तर असं दिलं गेलं की दवाखान्यात त्याच बाईला खुली, संमतीने होणारी चाचणी आणि निकाल मिळण्याची सोय हवी आणि सर्वेक्षणाची पाहणी त्यापासून वेगळी हवी. हे उत्तर कागदावर बरोबर आहे. ही सोय दवाखान्यात खरोखर चालू असेल तरच ते व्यवहारातही बरोबर ठरतं. नाव पुसल्याने माणूस वाचतो ही एक बाजू आणि त्यामुळेच तो हातातून निसटतो ही दुसरी. या दोन्ही बाजू ज्याला एकाच वेळी दिसतात, त्याच्याच हाती अशी पाहणी सोपवावी.

आता पुन्हा केंद्रात येऊ, कारण नाव फुटतं ते बहुतेक इथेच, आणि तेही कोणाच्या दुष्टपणामुळे क्वचितच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाची कल्पना करा. ओपीडीच्या बाकांवर शंभर माणसं बसलेली आहेत. त्यांच्या समोरच्या एका दारावर एड्सची लाल फीत रंगवलेली आहे आणि पाटी आहे. त्या दारातून आत जाणारा प्रत्येक जण शंभर जणांना दिसतो. त्याला आत नंबर मिळाला काय आणि नाव लिहिलं काय, पाटीने काम आधीच केलेलं असतं. जिथे याच खोलीत रक्तदाबाचं, क्षयाचं, किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशनही होतं, तिथे त्या दारातून जाण्याला कसलाच अर्थ चिकटत नाही. पाटीऐवजी खोलीचा नुसता क्रमांक लावणं ही बिनखर्चाची गोष्ट आहे.

मग हाक मारण्याची रीत. ‘ते आयसीटीसीवाले कोण आहेत?’ असं व्हरांड्यात ओरडलं की संपलं. केसपेपरवर लाल शाईने केलेली खूण, नळ्या नेणाऱ्या वॉर्डबॉयसमोर उघडं पडलेलं रजिस्टर, अर्ध्या उंचीच्या पार्टिशनमागे चाललेलं समुपदेशन, झाडायला आलेल्या मावशींसमोर न थांबलेलं बोलणं. आणि गोळ्यांचा डबा. महिन्याच्या महिन्याला तोच डबा, त्यावर औषधाचं नाव, एसटीत पिशवीत खुळखुळणारा. काही जण केंद्राबाहेर पडताच डब्यावरचं लेबल खरवडून काढतात, काही गोळ्या दुसऱ्याच बाटलीत भरतात. या युक्त्या कोणी शिकवलेल्या नसतात.

लहान गावात आणखी एक अडचण असते. तिथे नंबर दिला तरी लॅब टेक्निशियन समोरच्याला ओळखत असतो. तो त्याच आळीतला असतो, कदाचित भावकीतलाही. आता उपकेंद्रावर नर्सताईही बोटाला टोचून पहिली तपासणी करू शकतात. सोय म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे, गरोदर बाईचा तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पण पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी तालुक्याला पाठवावं लागतं, आणि ‘हिला तालुक्याला का पाठवलं?’ या प्रश्नातून गाव आपलं उत्तर काढतं. यावर उपाय साधा आहे. इतर कारणांसाठीही बायकांना नियमितपणे तालुक्याला पाठवलं जावं, सोनोग्राफीच्या दिवशीच ही फेरी जोडावी, चिठ्ठीवर कारण लिहू नये. साताऱ्याचा माणूस चाचणीला पुण्याला जातो, कोल्हापूरचा सांगलीला, सांगलीचा सोलापूरला. त्याला जाऊ द्यावं. ‘तुमच्या तालुक्यात केंद्र असताना इकडे कशाला आलात?’ असं विचारणाऱ्या केंद्राला त्या माणसाने एसटीचं तिकीट कशासाठी काढलं हेच कळलेलं नसतं.

संगणक आल्यावर जुन्या चुका मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. लंडनच्या 56 डीन स्ट्रीट या दवाखान्याने सप्टेंबर 2015 मध्ये एचआयव्ही सेवा घेणाऱ्यांना बातमीपत्र पाठवलं. पत्ते झाकायच्या रकान्यात न टाकता उघड्या रकान्यात टाकले गेले. 781 पत्ते एकमेकांना दिसले आणि त्यांतल्या 730 पत्त्यांत पूर्ण नावं होती. त्यांतल्या काहींना एचआयव्ही नव्हताच, पण यादीत दिसल्यामुळे त्यांच्याही कपाळी तोच शिक्का बसला. दवाखान्यावर 1 लाख 80 हजार पौंडांचा दंड बसला. अमेरिकेत 2017 मध्ये एटना या विमा कंपनीने सुमारे 12 हजार ग्राहकांना पत्रं धाडली. पाकिटाला पत्ता दिसण्यासाठी पारदर्शक खिडकी होती. तिच्यातून पत्त्याखालची ओळही दिसत होती आणि त्या ओळीत एचआयव्हीच्या औषधांचा उल्लेख होता. घरातल्यांना, टपालवाल्याला आणि शेजाऱ्यांना ती वाचता आली. कंपनीला 1 कोटी 70 लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

या दोन्ही ठिकाणी कोणी कुलूप फोडलं नव्हतं. सिंगापूरचं प्रकरण वेगळं होतं. तिथल्या राष्ट्रीय एचआयव्ही नोंदवहीतली 14 हजार 200 माणसांची माहिती जानेवारी 2019 मध्ये इंटरनेटवर उघडी पडल्याचं जाहीर झालं. ती बाहेर गेली होती नोंदवहीपर्यंत अधिकृतपणे पोहोचू शकणाऱ्या एका डॉक्टरच्या जोडीदाराच्या हातून. आपल्याकडेही आता रजिस्टरांची जागा ‘सोच’ नावाची राष्ट्रीय संगणक प्रणाली घेते आहे. चाचणीपासून औषधापर्यंतची एकेका माणसाची नोंद तिच्यात राहते, त्यामुळे मुंबईत औषध घेणाऱ्या मजुराला गावी गेल्यावर तिथल्या केंद्रात गोळ्या मिळणं सोपं होतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. पण कपाटातलं रजिस्टर चोरीला गेलं तर एका तालुक्याची नावं जातात आणि संगणकातली यादी फुटली तर त्याहून कितीतरी जास्त, हे विसरून चालणार नाही. संगणकावर कोण काय पाहू शकतो, कोणी कधी काय पाहिलं याची नोंद राहते का, बदली झालेल्या माणसाचा पासवर्ड बंद झाला का, हे प्रश्न आता प्रत्येक केंद्रप्रमुखाने विचारायचे आहेत.

आणि ज्या गरोदर बाईचा उल्लेख वर दोनदा आला, तिच्याजवळ जरा थांबायला हवं. आपल्याकडे कित्येक घरांत पहिली चाचणी होते ती सुनेची, कारण गरोदरपणात तपासणी ठरलेली असते. नवऱ्याची तोवर झालेलीच नसते. निकाल पॉझिटिव्ह आला की ज्याचं नाव आधी कळलं त्याच्यावर आळ येतो. संसर्ग बहुतेकदा नवऱ्याकडून आलेला असला तरी पांढऱ्या पायाची ती ठरते. अशा बाईला समुपदेशक घाईने ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणाला, तर त्याने तिला संकटात ढकललेलं असतं. अनुभवी समुपदेशक आधीच गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र तपासणीला बोलावतात, निकाल दोघांना एका वेळी मिळतो आणि ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही.

जोडीदाराला सांगायचं का, केव्हा, कोणी, हा तर न्यायालयांनाही चकवणारा प्रश्न. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या खटल्यात रुग्णालयाची बाजू घेतली. रक्तदात्याचा संसर्ग रुग्णालयाकडून बाहेर फुटला होता आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. नियोजित वधूच्या जिवाचा हक्क मोठा, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालात एचआयव्ही बाधितांच्या लग्नाच्या हक्काबद्दल केलेली सरसकट विधानं 2002 मध्ये न्यायालयानेच मागे घेतली. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याने या प्रश्नाला बरीच काटेकोर वाट करून दिली. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो, पण जोडीदाराला खरा धोका असल्याचं वाटलं पाहिजे, बाधित व्यक्तीला स्वतः सांगण्याबद्दल समुपदेशन झालेलं पाहिजे, ती सांगणार नाही याची खात्री पटलेली पाहिजे, आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे तिला आधी कळवलं पाहिजे. सांगायचंही समोरासमोर, समुपदेशन करून. बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगण्याचं बंधन तिच्यावर नाही. हा शेवटचा भाग ज्यांनी कायद्यात घातला त्यांना आपली घरं माहीत होती.

याच कायद्याने चाचणीआधी समजून दिलेली संमती सक्तीची केली. दुसऱ्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आणि अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकली. संमतीशिवाय तपासणीला अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली किंवा अवयवदानासाठीची तपासणी, आणि ओळख पुसून केलेलं सर्वेक्षण.

आणि तरीही आजचं सर्वांत मोठं भगदाड आयसीटीसीत नाही. ते आहे शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांच्या यादीत. हर्नियाचं, अपेंडिक्सचं, मोतीबिंदूचं, सिझेरियनचं ऑपरेशन ठरलं की कितीतरी खासगी रुग्णालयांत रक्ताच्या दहा तपासण्यांत एचआयव्हीचीही एक खूण केलेली असते. विचारलं जात नाही, सांगितलं जात नाही, आधी समुपदेशन नाही, नंतरही नाही. रिपोर्ट खासगी लॅबमधून इतर कागदांबरोबर, पुष्कळदा नातेवाइकाच्याच हाती किंवा मोबाइलवर येतो. निकाल पॉझिटिव्ह असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठी खूण होते, खाटेला पाटी लागते, आणि मग ‘इथे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या’.

या खुणेचं समर्थन कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नावाने केलं जातं. ते टिकत नाही. संसर्ग नुकताच झालेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि त्याच काळात त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. निगेटिव्ह कागद पाहून हातमोज्यांत सैल पडलेला सर्जन जास्त धोक्यात असतो. म्हणून प्रत्येकाचं रक्त बाधित आहे असं धरूनच हातमोजे घालायचे, सुया टाकायच्या, चष्मा लावायचा. सुई टोचलीच तर शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करायचं. काळजी घेण्याची साधनं आणि हे औषध पुरवणं हे तर 2017 च्या कायद्याने अशा आस्थापनांवर घातलेलं बंधनच आहे. खाटेवरची पाटी नर्सला वाचवत नाही. रुग्णाला मात्र ती वॉर्डभर उघडं पाडते.

असं घडलं तर करायचं काय? कायद्याप्रमाणे 100 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवा देणारी आस्थापना असेल तर 20 माणसांपासून, तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याच्या वर राज्य सरकारने नेमलेला लोकपाल असतो. आरोग्यसेवा नाकारणं, भेदभाव अशा उल्लंघनांच्या तक्रारी त्याच्याकडे जातात. त्याने 30 दिवसांत आदेश द्यायचा आणि प्रकरण वैद्यकीय तातडीचं असेल तर शक्यतो 24 तासांत. पण तक्रार म्हणजे पुन्हा नाव आलं, कोर्ट म्हणजे तर बोर्डावर नाव. ज्याचं नाव फुटलं म्हणून तो दाद मागायला निघाला, त्यालाच ते सगळ्यांसमोर लिहून द्यायला लावायचं का?

ही गाठ मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याच्या वीस वर्षं आधी सोडवली होती. एका सार्वजनिक कंपनीतल्या रोजंदारी कामगाराला, तो काम करायला ठणठणीत असूनही, वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाल्यावर कामावरून दूर केलं गेलं. 1997 मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निव्वळ संसर्ग आहे म्हणून काम नाकारता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि खटला टोपणनावाने चालू दिला. निकालपत्रात कामगार ‘एमएक्स’ आहे आणि कंपनी ‘झेडवाय’. कंपनीचंही नाव झाकलं, कारण त्यावरून कामगार ओळखू आला असता. 2017 च्या कायद्याच्या कलम 34 मध्ये हीच सोय देशभरासाठी आली. बाधित व्यक्तीच्या विनंतीवरून न्यायालय खटला टोपणनावाने चालवू शकतं, सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतं आणि ओळख पटेल असं काही छापायला मनाई करू शकतं. अशा कारवाईत कळलेली स्थिती कोणी बाहेर फोडली, तर एक लाखापर्यंत दंड आहे. ही विनंती खटला दाखल करतानाच, पहिल्या अर्जासोबत करावी आणि वकिलाला तसं आधीच सांगून ठेवावं, कारण नाव एकदा दैनंदिन कामकाजाच्या यादीत छापलं गेलं की पुढचा कुठलाही आदेश ते परत झाकू शकत नाही.